आईचं मनगट प्लेट न घालता बरं झालं: लातूरच्या हाडांच्या दवाखान्याचा रिव्ह्यू

पाचपैकी साडेचार स्टार. अर्धा कुठं कापला ते खाली सांगतोच, पण आधी चांगलं सांगतो कारण चांगलं जास्त आहे. रिव्ह्यू मोठा झालाय. ज्यांच्या घरात आत्ता कुणाचं मनगट मोडलंय आणि एक जण प्लेट (ऑपरेशन करून हाडावर बसवायची धातूची पट्टी) म्हणायलाय, दुसरा प्लास्टर म्हणायलाय, त्यांनी सगळा वाचा.

आईचं वय ६८, आम्ही औसा तालुक्यातले. नळाला पाणी आलं की आमच्याकडं घरातलं प्रत्येक भांडं भरून ठेवायचं असतं, एकदा गेलं की परत कधी येईल भरवसा नाही, त्या गडबडीत ओल्या फरशीवर तिचा पाय सटकला आणि उजवा हात टेकून पडली. सगळं वजन तळहातावर. मनगट बघितल्याबरोबर कळालं की मोडलंय, पालथ्या ठेवलेल्या काट्याच्या चमच्यासारखं मागून उचललेलं दिसत होतं. ह्याला कॉलिस फ्रॅक्चर म्हणतात, अब्राहम कॉलिस नावाच्या डब्लिनच्या सर्जननी १८१४ मध्ये ह्याचं वर्णन लिहून ठेवलं, एक्स-रेचा शोध लागला १८९५ ला, म्हणजे त्या माणसानं नुसतं बघून आणि चाचपून ओळखलं होतं. पन्नाशी-साठीच्या पुढच्या बायकांमध्ये हे फ्रॅक्चर लई कॉमन आहे, पाळी गेल्यावर हाडं ठिसूळ होतात म्हणून.

शेजारच्या मामांनी गाडी काढायच्या आधीच हाडवैद्याचं नाव सांगितलं. त्यांचा हेतू चांगलाच होता, त्यांच्या घरातले दोघं तिथं बरे झालेत. पण मी ऐकलं नाही आणि तुम्हीही ऐकू नका, कारण ताज्या फ्रॅक्चरला सूज यायची असते आणि त्यावर बांबूच्या कामट्या लावून गच्च आवळून बांधलं की आतला दाब वाढून रक्त पोचत नाही, बोटं काळीनिळी पडतात, स्नायू मरतात आणि हात कायमचा आखडतो. जर्मनीच्या फोल्कमान नावाच्या सर्जननी १८८१ मध्येच आवळून बांधलेल्या पट्ट्यांमुळं असं होतं म्हणून लिहिलंय आणि आपल्याकडं अजून लेकरं कोपर मोडून आली की हीच गत झालेली असते. बांधल्यावर दुखणं कमी व्हायच्या ऐवजी वाढत चाललं, बोटं सरळ करताना कळ यायली, तर सकाळची वाट बघायची नाही, रात्रीच पट्टी सोडवायची. दवाखान्यातल्या प्लास्टरलाही हाच नियम आहे.

पहिल्यांदा आम्ही जवळ पडतं म्हणून दुसऱ्या एका ठिकाणी नेलं होतं, नाव घेत नाही. तिथं एक्स-रे बघून दोन मिनिटांत सांगितलं, प्लेट बसवावी लागते, आजच ॲडमिट करा, खर्च लाखाच्या आसपास. वय विचारलं नाही, शुगर आहे का विचारलं नाही, ही बाई दिवसभर काय काम करते ते विचारलं नाही. आणि हातातल्या बांगड्या तशाच. बोटं सुजायलेत, मनगट फुगायलंय आणि काचेच्या बांगड्या, पाटली, बोटातली अंगठी सगळं जागच्या जागी. मी कच्चं प्लास्टर तरी करा म्हणलं तर ते पण ॲडमिशन झाल्यावर. तिथून निघालो आणि ओळखीच्या एका मेडिकलवाल्यानं सांगितलं म्हणून इथं आलो.

इथं आल्यावर सर्वात आधी काय झालं असेल तर सिस्टर साबणाचं पाणी घेऊन आल्या. आईला म्हणल्या, "मावशी, आता ह्या काढाव्या लागतात, सूज चढली की कापाव्या लागतील." अंगठी आणि पाटली साबणानं हळूहळू फिरवून काढली, काचेच्या दोन निघाल्या, बाकीच्या निघेनात तर आईला विचारून, तोंड देवाकडं करून बसवलं आणि मग त्या वाढवल्या. निघालेल्या दोन्ही डाव्या हातात घालून दिल्या. पाटली कागदात बांधून माझ्या हातात दिली आणि रजिस्टरवर सही घेतली. आईची निम्मी भीती तिथंच गेली. उपचारात ह्याला काही किंमत लावता येत नाही पण स्टार देताना मी हेच डोळ्यासमोर ठेवलंय.

डॉक्टरांनी एक्स-रे लाइटवर लावून आम्हाला दोघांनाही दाखवला. तुटलेला तुकडा मागं सरकलाय, हाड थोडं आखूड झालंय, पण सांध्याच्या आत चीर गेलेली नाही, हे तिघांनी मिळून बघितलं. मग आईला विचारलं, "मावशी, घरी काय काय करता?" आई म्हणाली, "भाकरी करते साहेब, धुणं करते, शेतात आता जात नाही." बीपी, शुगर, रक्त पातळ करायची गोळी चालू आहे का, बोटांना मुंग्या येतात का, हे सगळं विचारून झाल्यावर म्हणाले, तीन रस्ते आहेत. हाड बसवून प्लास्टर, हाड बसवून ते धरून ठेवायला हाडात बारीक धातूच्या तारा टाकून प्लास्टर, नाहीतर ऑपरेशन करून प्लेट. तिन्हीचे फायदे-तोटे सांगतो, ठरवा तुम्ही.

आणि खरंच सांगितले हो. थोडक्यात असं की प्लेट घातली तर एक्स-रे सुंदर दिसतो आणि हात लवकर हलवता येतो, पण कापावं लागतं, भूल द्यावी लागते, नंतर प्लेटचा स्क्रू अंगठ्याच्या-बोटांच्या शिरेला (बोट हलवणारी दोरी, रक्ताची नस नव्हे) घासू शकतो. आणि वय झालेल्या माणसात वर्षभरानंतर हाताच्या कामात फारसा फरक राहत नाही. मला हे पटेना, एवढी महाग गोष्ट आणि फरक नाही? म्हणून रात्री बसून शोधून वाचलं. ते खरं निघालं. ऑस्ट्रियात ६५ च्या पुढच्या ७३ पेशंटांवर झालेला अभ्यास २०११ ला आला, अर्ध्यांना प्लेट अर्ध्यांना प्लास्टर, वर्षानंतर मनगट फिरणं, दुखणं, रोजची कामं सगळं जवळपास सारखं. प्लेटवाल्यांची मुठीची पकड जास्त चांगली होती आणि एक्स-रेही चांगले होते, हेही त्यात आहे, पण गुंतागुंती प्लेटवाल्यांनाच जास्त झाल्या.

ब्रिटनमध्ये तर दोन मोठे झालेत, दोन्ही बीएमजे ह्या ब्रिटिश वैद्यकीय मासिकात छापलेले. पहिला २०१४ चा, ४६१ पेशंट, तारा विरुद्ध प्लेट, वर्षानंतर फरक नाही. दुसरा २०२२ चा, ५०० पेशंट, हाड बसवल्यावर तारा टाकायच्या का नुसतं व्यवस्थित दाबून बसवलेलं प्लास्टर पुरतं, आणि वर्षाच्या शेवटी त्यातही फरक नाही. पण एक गोष्ट आहे जी प्लास्टरवाल्या प्रत्येकानं डोक्यात ठेवली पाहिजे: नुसत्या प्लास्टरवाल्या १०० पैकी साधारण १३ जणांचं हाड पहिल्या सहा आठवड्यांत परत सरकलं आणि त्यांना ऑपरेशन करावंच लागलं, तारा टाकलेल्यांत असा जेमतेम एक निघाला. म्हणजे प्लास्टर करून घरी जाऊन झोपायचं नाही, सुरुवातीला दर आठवड्याला एक्स-रे काढायला यायचंच. डॉक्टरांनी हे मी वाचायच्या आधीच सांगितलं होतं. "सरकलं तर मी तुम्हाला ऑपरेशन सांगीन, तेव्हा चिडायचं नाही" असं स्पष्ट बोलले. असं आधी सांगणारा डॉक्टर मला आवडतो, नंतर फसवल्यासारखं वाटत नाही.

ऑपरेशनच्या विरोधात आहेत असंही नाही. आमच्या शेजारच्याच कॉटवर मोटारसायकलवरून पडलेला निलंग्याकडचा एक पोरगा होता, पंचवीस-सव्वीसचा, वेल्डिंगचं काम करणारा, त्याचं हाड सांध्याच्या आतपर्यंत फुटून तुकडे झालेले, त्याला ह्यांनीच प्लेट घातली आणि एक दिवसही थांबले नाहीत. सांध्याच्या आतला पृष्ठभाग खाली-वर राहिला, जखमेतून हाड बाहेर आलं, तुकडा तळहाताच्या बाजूला सरकला, नस दाबली गेली, असं असेल तर बहुतेक वेळा ऑपरेशनच लागतं. तिथं कुणी माझा रिव्ह्यू दाखवून प्लास्टरचा हट्ट धरू नका.

वेटिंगमध्ये खांद्याजवळ दंडाचं हाड मोडलेल्या एक आजीबाई भेटल्या, अहमदपूरच्या. त्यांना नुसती गळ्यात झोळी दिली होती आणि त्यांचा मुलगा रागावलेला, म्हणे पैसे भरायला तयार आहे तरी ऑपरेशन करीनात. त्यालाही डॉक्टरांनी बसवून समजावलं. खांद्याच्या त्या फ्रॅक्चरवर ब्रिटनमध्ये २५० जणांचा अभ्यास झाला, २०१५ मध्ये छापून आला, दोन वर्षं पेशंटांच्या मागं राहिले, ऑपरेशनवाले आणि झोळीवाले सारखेच. पैसे द्यायला तयार असलेल्या माणसाला नको म्हणणारा दवाखाना मी तरी पहिल्यांदा बघितला.

आता प्लास्टरचं. पूर्ण भूल दिली नाही, जिथं मोडलंय तिथंच सुई टाकून जागा बधिर केली. सुई टाकताना आई ओरडली, ते खोटं सांगणार नाही, पण नंतर हाड ओढताना "दाबल्यासारखं वाटायलंय, दुखत नाही" म्हणाली. कंपाउंडरनी कोपरावर दंड धरला, डॉक्टरांनी अंगठा आणि बोटं धरून सावकाश ओढलं, घाई नाही, काही मिनिटं नुसते ओढूनच धरलं, मग तुकडा अंगठ्यानं पुढं ढकलला. ओलं प्लास्टर गुंडाळल्यावर हातानं तीन जागी दाबून ते वाळेपर्यंत तसंच धरून ठेवलं. वाळताना गरम लागतं, आई घाबरली, तर आधीच सांगितलं होतं की गरम लागेल, भाजणार नाही. लगेच एक्स-रे. हाड जागेवर आलेलं. सुरुवातीला कच्चं, सूज उतरल्यावर पक्कं.

घरी जाताना मला वाटलं गोळ्यांची पिशवी देतील आणि चला. तसं नाही झालं. सिस्टरनी आईकडून बोटांचे व्यायाम करून घेतले. मूठ पूर्ण मिटायची, पूर्ण उघडायची, अंगठा प्रत्येक बोटाला लावायचा, खांदा वर न्यायचा, कोपर हलवायचं, आणि हात छातीच्या वर उशीवर ठेवून झोपायचं. आई म्हणाली मोडलेला हात हलवायचा कसा. सिस्टर म्हणल्या, "मावशी, मोडलंय मनगट, बोटं नाहीत." जे लोक भीतीनं आठवडेच्या आठवडे हात झोळीत गच्च धरून बसतात त्यांचं हाड जुळतं पण बोटं आणि खांदा आखडतो, मग ते सोडवायला फ्रॅक्चरपेक्षा जास्त त्रास. काहींना तर हात सुजून चमकायला लागतो, आग होते, नुसता वारा लागला तरी सहन होत नाही, त्यावर लवकर उपचार लागतात म्हणून ती लक्षणं आम्हाला कागदावर मराठीत लिहून दिली. ते टाळायला व्हिटॅमिन सी ची गोळी दिली आणि हेही सांगितलं की ह्या गोळीबद्दल अभ्यासांचं एकमत नाही, स्वस्त आहे, नुकसान नाही म्हणून देतोय. अंगठा एकाएकी वर उचलता येईना झाला तर लगेच या, हेही त्याच कागदावर होतं, कारण ह्या फ्रॅक्चरनंतर अंगठ्याची शीर कधीकधी घासून तुटते.

पाच-सहा आठवड्यांनी प्लास्टर निघालं तेव्हा आई रडली. हात बारीक झालेला, कातडी कोरडी, मनगट लाकडासारखं, करंगळीच्या बाजूचं हाड थोडं वर आलेलं. सगळ्यांना वाटतं प्लास्टर निघालं की संपलं. खरं काम तिथून सुरू होतं आणि ह्या दवाखान्याचा खरा माल तिथंच आहे: त्यांच्या फिजिओथेरपीच्या मॅडम.

मनगटाचं फ्रॅक्चर किती बरं झालं हे मोजायला जगभर १५ प्रश्नांची एक प्रश्नावली वापरतात, १९९८ मध्ये कॅनडात तयार झालेली, वरच्या ब्रिटिश अभ्यासांतही तीच होती. दुखणं किती, आणि कामं जमतात का: दाराची गोल मूठ फिरवता येते का, सुरीनं मांस कापता येतं का, शर्टाची बटणं लावता येतात का, खुर्चीवरून हाताचा जोर देऊन उठता येतं का. मॅडमनी ती दाखवली आणि बाजूला ठेवून आईला स्वतःचे प्रश्न विचारले. परात धरून पीठ मळता येतं का. टॉवेल पिळता येतो का. निऱ्या घालता येतात का. जमिनीवरून उठताना हात टेकता येतो का. आणि तळहात वर करून तीर्थ घेता येतं का. हा शेवटचा प्रश्न भारी आहे, कारण मनगट मोडल्यावर तळहात पूर्ण वर फिरवणं हे बऱ्याचदा सगळ्यात उशिरा येतं, आईला पहिल्या दिवशी तळहात निम्म्यापर्यंतच फिरायचा, तीर्थ सांडलं असतं.

व्यायामही तसेच दिले. कोमट पाण्यात हात ठेवून मूठ उघडझाप, मग टेबलाच्या कडेवर मनगट ठेवून वर-खाली, मग लाटणं हातात उभं धरून डावीकडं-उजवीकडं फिरवणं म्हणजे तळहात आपोआप वर-खाली होतो, मग मऊ मळलेल्या कणकेचा गोळा दाबणं. भाकरी थापणं सगळ्यात शेवटी, कारण त्यात मनगट मागं वाकवून त्यावर दाब द्यायचा असतो. आधी छोटी, पापडाएवढी, नंतर मोठी. आई घरी मुद्दाम थोडं पीठ जास्त मळायची. मालीश कुणाकडून करून घ्यायची नाही असं मॅडमनी दोनदा बजावलं, ताज्या जुळलेल्या हाडाला जोरात चोळलं-ओढलं की सूज परत येते.

आज आई पूर्ण भाकरी थापते, धुणं पिळते, तीर्थही घेते. हात दिसायला किंचित वाकडा आहे, करंगळीकडचं हाड उंच दिसतं, थंडीत मनगट ठणकतं, आणि मुठीची पकड डाव्यापेक्षा कमी आहे, भरलेली घागर ती आता उचलत नाही. हे सगळं डॉक्टरांनी पहिल्या दिवशीच सांगितलं होतं: थोडं वाकडं दिसेल मावशी, पण काम करील.

आणखी एक गोष्ट जी बऱ्याच ठिकाणी राहूनच जाते. हाड जुळल्यावर त्यांनी हाडांची घनता मोजायला पाठवलं. साठीत नुसतं उभ्यानं पडून मनगट मोडलं म्हणजे हाडं ठिसूळ झाल्याची ती पहिली खूण असते, मनगटानंतर पाठीचे मणके आणि खुबा, आणि खुबा मोडला की म्हाताऱ्या माणसाचं अंथरूण सुटणं अवघड. आईचा त्या तपासणीतला टी-स्कोअर उणे २.५ च्या खाली निघाला, म्हणजे ऑस्टिओपोरोसिस, हाडं ठिसूळ होण्याचा आजार. कॅल्शियम, डी व्हिटॅमिन आणि आठवड्यातून एकदा घ्यायची एक गोळी चालू झाली. ती गोळी सकाळी उपाशीपोटी ग्लासभर साध्या पाण्याबरोबर घ्यायची आणि नंतर अर्धा तास आडवं व्हायचं नाही, काही खायचं-प्यायचं नाही, नाहीतर अन्ननलिकेला त्रास होतो आणि गोळी लागूही पडत नाही. आईला सकाळचा चहा अर्धा तास लांबवणं फ्रॅक्चरपेक्षा जड गेलं, पण घेते. दवाखान्यानं घरातला मोरीचा रस्ताही विचारला, म्हणून आम्ही खरबरीत फरशी टाकली आणि धरायला दांडी बसवली.

आता अर्धा स्टार. एक, वेळ. बोर्डावर सकाळी दहा लिहिलंय, डॉक्टर ऑपरेशन आटोपून येतात, बारा सहज वाजतात, गावाकडून पहाटेच्या एसटीनं आलेली माणसं उपाशी बसलेली असतात आणि नंबर कधी लागेल ते काउंटरवर कुणी नीट सांगत नाही. हे सुधारायला पैसा लागत नाही, एक फोन नंबर आणि एक माणूस लागतो. दोन, फिजिओथेरपी तळघरात आहे आणि रॅम्प नाही. हाताच्या पेशंटला चालतं, पण गुडघ्याचे-खुब्याचे पेशंट त्याच पायऱ्या धरून धरून उतरतात, ते बघवत नाही. तीन, मागितल्याशिवाय पक्की पावती देत नाहीत. मागितली की लगेच देतात, वाद घालत नाहीत, तरी मागावी लागू नये.

खर्चाचं म्हणाल तर हाड बसवणं, प्लास्टर, एक्स-रे, फिजिओ सगळं धरून पहिल्या ठिकाणी सांगितलेल्या रकमेच्या पाव भागातही आलं नाही. महात्मा फुले जन आरोग्य योजना इथं चालत नाही. ज्यांना योजनेतूनच करायचंय किंवा खाजगी परवडत नाही त्यांनी लातूरचं सरकारी मेडिकल कॉलेज, अंबाजोगाईचं स्वामी रामानंद तीर्थ, नांदेडला विष्णुपुरीचं, नाहीतर संभाजीनगरची घाटी गाठावी, सगळीकडं हाडांचा विभाग आहे, मनगटाचं प्लास्टर तिथंही होतं.

इथं येणार असाल तर सोमवार टाळा, गर्दी फार असते. जुने एक्स-रे, चालू गोळ्यांची पानं आणि रेशन कार्ड-आधार सोबत ठेवा. हात लाकडी पट्टीवर नाहीतर जाड पुठ्ठ्यावर सैल बांधून, गळ्यात झोळी करून आणा, आणि अंगठ्या-बांगड्या निघत असतील तर घरूनच काढून निघा. पेशंटला वाटेत चहा-नाश्ता देऊ नका, भूल द्यायची वेळ आलीच तर पोट रिकामं लागतं.